मिनिटभराचा अंधार

कुरकुंभ,
२ जानेवारी २०२५

ती. मामा,

जयभीम. फोन लावला की तुम्ही पलीकडून "कोण बोलतंय" एवढंच चारदा विचारता आणि मग मामी फोन ओढून घेऊन मला शेंगांचा भाव सांगते. म्हणून हा कागद. दुधाच्या टेम्पोचा विनोद रोज मांडवगणहून दौंडला येतो, त्याच्याकडे देतेय. उत्तरही त्याच्याच हाती द्या. कानाची मशीन घेणार नसाल तर एवढं तरी करा.

दौंडच्या दवाखान्यातली नोकरी सोडून मी एका ट्रस्टच्या फिरत्या दवाखान्यावर लागले, हे आईनं सांगितलं असेल. बायकांच्या छातीतल्या गाठी तपासायचं मशीन घेऊन गावोगाव जायचं. डॉक्टर अनुपमा मॅडम, मी आणि ड्रायव्हर. गाडी पूर्वी सिनेमावाल्यांची होती, शूटिंगला नटमंडळी त्यातच राहायची. पलंग, ओटा, संडास, एसी, सगळं आहे. मुक्कामाला आम्ही दोघी गाडीतच झोपतो. ऐकायला बरं वाटतं, पण पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं तर घाणच घाण. ओट्याखाली झुरळं, शिळ्या अत्तराचा वास, आणि करंटची पेटी उघडली तर आधीच्या माणसानं तिथल्या दांडीला तंबाखूच्या चुन्याची बोटं पुसून ठेवलेली. थर बसला होता थर. दोन चिंध्या वाया घालवून मी ती पेटी पुसली आणि मग तीनदा हात धुतले.

ही दांडीच माझी अडचण आहे. गाडीच्या पोटात जनरेटर आहे. गावात पोचलो की शाळेतली नाहीतर चावडीतली लाईट केबलनं घ्यायची आणि दांडी जनरेटरवरून गावच्या लाईटीवर टाकायची. ड्रायव्हर म्हणतो, फाटकन टाका, काही होत नाही. परवा यवतजवळ टाकली तर ठिणगी उडाली आणि मशीनचा पडदा काळा झाला, तो अर्ध्या तासानं आला. मला मशीन कळतं, करंट कळत नाही. तुम्ही आयुष्यभर तेच केलंत.

१६ तारखेला आम्ही तुमच्या बाजूला, निंबवाडीच्या शाळेत आहोत. तिथं खिचडी शिजवणारी नकुशीबाई आहे, साठीची, तिथल्या आपल्या वस्तीतली. छातीत आवळ्याएवढी गाठ, वर्षभर लपवलीय. पुण्याला यायला तयार नाही. मी तीनदा जाऊन तिच्या चुलीपाशी बसले तेव्हा म्हणाली, तुझ्या गाडीत तूच बघणार असशील तर येते. पहिला नंबर तिचा लावलाय. त्या दिवशी गाडीत काही बिघडलं तर ती पुन्हा यायची नाही. म्हणून नीट सांगा, दांडी कशी टाकायची.

तुमची
गौतमी


मांडवगण फराटा,
५ जानेवारी

चि. गौतमीस मामाचा जयभीम.

मी बोलतो तसंच लिहितो, शुद्धलेखन काढू नको. आदी सांग, पेटी पुसलीस तवा मेन पाडला व्हता का? न्हाई पाडला. तुझा सोभाव मला ठावं हाय. परत आसं केलंस तर तिथं यिऊन कान उपटीन.

त्या ड्रायव्हरची मला शिसारी आली. फाटकन टाका म्हणं. ह्या असल्या फाटकन टाकणाऱ्यांची प्रेतं मी खांबावरनं उतरवलीत, दोन. येकाचा डबा खाली झाडाला टांगलेला तसाच व्हता.

आता ध्यान दिऊन वाच. जनरेटरचा करंट आन् गावचा करंट येगयेगळ्या चालीनं चालत्यात. दोगं येका तारंत भेटले की भडका. जनरेटर जळतो, मशीन जळतं, आन् गावची लाईट गेल्याली आसंल तर आपला करंट उलटा शिरून खांबावर चढलेला माणूस मरतो. म्हणून त्या दांडीला तीन जागा दिल्यात. ह्या अंगाला जनरेटर, त्या अंगाला गावची लाईट, मधली जागा रिकामी. मधल्या जागंवर थांबल्याबिगर पलीकडं जायचं न्हाई.

आदी आतलं समदं बंद कर. एसी, फ्रिज, मशीन, येक येक करून. मग जनरेटरचा ब्रेकर पाड. जनरेटर लगीच मारू नको, दोन-तीन मिंटं रिकामा पळू दे, गार व्हऊ दे, मग बंद. दांडी मधी आण. गाडीत अंधार पडंल, पडू दे. शाळंतला ब्रेकर पाडूनच केबल लावायची. मग तो वर कर, मीटरवर व्होल्ट बघ. दोनशे दहाच्या खाली आन् दोनशे चाळीसच्या वर आसलं तर नको म्हण, जनरेटरच बरा. ठीक आसलं तर दांडी पलीकडं. मग आतलं येक येक चालू कर, मशीन शेवटी. ह्यात अंधार किती, फार तर मिंटभर. तेवढा अंधार ज्याला सोसत न्हाई त्यानं करंटच्या वाटंला जाऊ नाई.

निंबवाडीला शाळंपाशी गाडी लावू नको, तिथं चिखल आसतोय. चावडीपाशी लाव.

मामी शेंगा धाडती हाय.

मामा


कुरकुंभ,
११ जानेवारी

मामा,

शेंगा पोचल्या. तुमची दांडीची रीत मी मोठ्या अक्षरात लिहून पेटीच्या झाकणावर चिकटवली. कालपासून दोनदा केली, ठिणगी नाही, काही नाही. ड्रायव्हर बघत होता, म्हणाला एवढं कशाला. म्हटलं, मामानं सांगितलंय.

पण जानेवारीत कसला चिखल हो? काल निंबवाडीला जाऊन आले. शाळेचं पटांगण खडखडीत आहे. आणि चावडीपाशी लावायची सोय नाही, कारण कार्यक्रम पोपटरावांचा आहे. शाळा समितीचे अध्यक्ष, आमच्या ट्रस्टच्या साहेबांच्या मांडीला मांडी लावून बसणारे. त्यांनी शिबिराला संक्रांतीचं हळदीकुंकू जोडलंय. मंडप, सडा, रांगोळी, वाण. गाडी जनरेटरवर दिवे लावून उभी राहायची, मग पोपटराव स्वतः दांडी टाकणार, जनरेटरचा आवाज थांबणार आणि भाषण सुरू होणार. फोटोवाला सांगून ठेवलाय.

मी म्हटलं, दांडी टाकताना मिनिटभर अंधार होईल. तर माझ्याकडे न बघता मॅडमना म्हणाले, "सवाष्णींच्या कार्यक्रमात दिवा मालवायचा? अपशकुन हाय तो. ह्यांच्यात चालत असंल." ह्यांच्यात म्हणजे माझ्यात. मॅडमचं तोंड उतरलं. त्यांचा तो पांढरा शर्ट आणि बोटातल्या अंगठ्या बघून मला जे वाटलं ते लिहीत नाही. हळदीकुंकवाला नकुशीबाईला बोलावणं नाही. सडा मात्र तिनंच घालायचा.

ती मला बाजूला नेऊन म्हणाली, "पोरी, गाडीत चपला काढून यायचं ना?" म्हटलं, बाई, घालून या. म्हणाली, "आसं कसं, डाक्टरची जागा."

एक तुम्ही लिहायला विसरलात. मॅडमकडच्या मशीनच्या पुस्तकात आहे की केबल लावण्याआधी अर्थिंग बघावं. साध्या बल्बच्या दोन तारा, एक फेजला, एक अर्थिंगला, बल्ब लख्ख पेटला पाहिजे. मी शाळेत करून पाहिलं. फेज आणि न्यूट्रलला लख्ख पेटतो. फेज आणि अर्थिंगला नुसता मिणमिणतो. काय समजायचं? हे मात्र नक्की लिहा.

गौतमी


मांडवगण फराटा,
१३ जानेवारी

गौतमे,

ह्यांच्यात चालत असंल, आसं म्हणाला त्यो? पोपट्याच्या तोंडाचा मला पयल्यापासून तिटकारा हाय. आरं, तुझ्या शाळंच्या पोरी ज्या दिव्याखाली शिकल्या त्यो दिवा लावणारा माणूस कुणाच्यातला व्हता, ते इचार म्हणावं. अंगठ्या घालून करंटच्या पेटीत हात घालतोय, अक्कल कुठं ठिवली. त्या माणसानं आजवर सोताच्या घरचा फ्यूज बदलला न्हाई. समदं आयुष्य दुसऱ्यानं लावल्याल्या दिव्याखाली फोटो काढून घेण्यात गेलं. मला वकारी येती आसल्या माणसांची. कागुद घाण व्हतोय म्हणून थांबतो.

तू येक कर. त्या दिवशी जनरेटरच चालू ठिव. दिसभर. केबल तोकडी हाय म्हणून सांग. भाषण ऐकू आलं न्हाई तर कुणाचं काय बिगडत न्हाई.

अर्थिंगचं म्हणशील तर बल्ब जुना आसंल. त्यात टाइम घालवू नको.

मला सोळा तारखंला यायला जमणार न्हाई, गुडगा धरलाय. तिळगूळ विनोदकडं दिलाय.

मामा


कुरकुंभ,
१९ जानेवारी

मामा,

निंबवाडीत काय झालं ते विनोदकडून अर्धंमुर्धं कळलं असेल. सगळं सांगते.

मी जनरेटरच चालू ठेवणार होते. केबल तोकडी आहे हेही सांगून झालं होतं. सकाळी आम्ही मंडपात चहा घेत होतो तेवढ्यात पोपटरावांनी त्यांच्या विहिरीच्या मोटारीचं वाइंडिंग भरणाऱ्या माणसाला गाडीत धाडलं. त्यानं शाळेतून लांब केबल आणली आणि दांडीला वळसा घालून तारा थेट आतल्या दिव्यांना जोडल्या. दांडी वगळली, गळती पकडणारा ब्रेकर वगळला. म्हणजे दांडी नुसती फोटोपुरती. ती कशीही टाकली तरी दिवे जायला नकोत, एवढंच त्यांना हवं होतं. मला हे नंतर कळलं. मी फक्त मशीन बंद करून ठेवलं होतं, म्हणून ते वाचलं.

पोपटरावांनी दांडीला हार घातला. खरंच घातला. मग खूण केली, त्या माणसानं शाळेतला ब्रेकर वर केला, जनरेटर अजून चालूच होता. गाडीखालून दणका बसल्यासारखा आवाज झाला, धूर आला आणि जनरेटर बंद पडला. दिवे मात्र गेले नाहीत. आणि मामा, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हे असंच असतं.

मी धुराकडे धावले. तोवर माईकवरून नकुशीबाईचं नाव पुकारलं होतं, पहिला नंबर म्हणून. तिनं चपला काढल्या. तिनंच घातलेल्या ओल्या सड्यावर उभी राहून तिनं चढायच्या लोखंडी दांड्याला हात लावला आणि तिथंच राहिली. ओरडली नाही. लोक म्हणाले, लाजतेय, चढ की बाई. जळालेल्या जनरेटरची तार गाडीच्या अंगाला चिकटली होती आणि सगळ्या गाडीत शाळेकडचा करंट उतरला होता. तिचं तोंड बघून मला कळलं. तिला हात न लावता मी शाळेच्या व्हरांड्यात पळाले आणि केबलचा प्लग उपटला. ती खाली पडली. जिवंत आहे. तळहात भाजलाय, दोन दिवस बोलत नव्हती.

ती रांगोळीवर पडलेली असताना पोपटराव माईकवर म्हणाले, "उपास असंल, चक्कर आली. बायांनो, बसून घ्या, वाण वाटायला घ्या." आणि वाटलं. नकुशीबाईच्या शेजारून बायका वाण घ्यायला पुढं गेल्या.

संध्याकाळी ट्रस्टचा माणूस टाईप केलेला कागद घेऊन आला. सदर महिलेस उपवासामुळे भोवळ आली, वाहनात कोणताही दोष नव्हता. मॅडमनी सही केली नाही. त्या डॉक्टर आहेत, त्यांना उद्या दुसरी नोकरी मिळेल. मी केली.

एकच कळत नाही. गाडीच्या अंगात करंट उतरला तर अर्थिंगनं तो जमिनीत जायला हवा होता आणि शाळेतला ब्रेकर तिथल्या तिथं पडायला हवा होता. पडला नाही. बल्ब जुना नव्हता, मामा. आदल्या दिवशीच दौंडातून नवा घेतला होता.

गौतमी


कुरकुंभ,
२५ जानेवारी

मामा,

उत्तर नाही. विनोद म्हणतो, तुम्ही ओट्यावर बसता पण त्याच्याकडे बघत नाही.

काल नकुशीबाईकडे गेले. तिनं दार लावून घेतलं. आतून म्हणाली, "मला उपास न्हवता. मी सकाळी भाकर खाल्ली व्हती. तुम्ही लिहून दिलं ना उपास व्हता म्हणून? मग तुमच्या गाडीत तुम्हीच बसा." निंबवाडीच्या चाळीस बायकांची नावं होती माझ्याकडे. एकही यायला तयार नाही. दोघी-तिघींनी गाडीला हात लावून झिणझिण्या घेतल्या होत्या, त्यांना भोवळीची गोष्ट कोण पटवणार. नकुशीबाईची गाठ मात्र वाढतच असणार आणि ती आता कुणालाच दाखवणार नाही. माझ्या सहीमुळे.

तुम्हाला काही ठाऊक असेल तर लिहा. नसेल तर तसंही लिहा.

गौतमी


मांडवगण फराटा,
३० जानेवारी

गौतमी,

हे पत्र तीन डाव फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

निंबवाडीच्या शाळंची वायरिंग मी केलीय. अठ्ठ्याण्णव सालात. तवा मी वीज बोर्डात न्हवतो, येका ठेकेदाराकडं व्हतो. वायरमनचा परवाना आपल्या वस्तीत पयला माझा. तुझ्या आजानं पेढे वाटले व्हते. ठेकेदार पोपटरावाचा सख्खा मेव्हणा. अर्थिंगला आठ फूट खड्डा मारायचा, त्यात पाईप, भवतीनं कोळसा आन् मिठाचे थर, वरून पाणी. खाली मुरूम लागला, खड्डा मारायला दोन दिस जास्त लागणार व्हते, आन् उद्घाटनाची तारीख छापून झाल्याली. ठेकेदारानं दोन फुटाचा पाईपाचा तुकडा रवला, वरून सिमेंटचं चौकोनी तोंड केलं, लोखंडी झाकण टाकलं. मला म्हनला, सही कर, अर्थिंग तपासलं, योग्य हाय. मी म्हनलो, खाली काय न्हाई. त्यो म्हनला, तुला बोर्डासाठी अनुभवाचा दाखला पायजे का नको.

मी सही केली. त्या दाखल्यावर बोर्डात लागलो. बावीस वर्सं पगार खाल्ला, पेन्शन खातोय, विहाराच्या फळीवर नाव हाय. समदं त्या दोन फुटाच्या पाईपावर उभं हाय.

पर ते जुनं झालं. त्याच्याहून घाण पुढं हाय. तू पयल्या पत्रात निंबवाडी लिवलंस तवाच मला कळलं व्हतं. म्हणून चिखल म्हनलो. तू बल्बचं इचारलंस, तवा मला येका वळीत सांगता आलं आसतं, की पोरी, अर्थिंग मेल्यालं हाय, प्लगाला हात लावू नको. पर तू इचारलं आसतंस, मामा तुम्हाला कसं ठावं. म्हणून बल्ब जुना म्हनलो. गुडग्याला काय बी झालेलं न्हाई. पोपट्याला पानभर शिव्या दिल्या आन् सोताचं झाकून ठिवलं. तुझं येकोणीस तारखंचं पत्र, बाई पडल्याचं, वाचलं आन् मला सोताच्या हाताची किळस आली. त्याच हातानं जेवायचं म्हंजी काय, ते ह्या दहा दिसांत कळलं.

काल निंबवाडीला गेलो. पहार आन् टिकाव घिऊन, येस्टीनं. मधल्या सुट्टीत पोचलो. मास्तर काय म्हणायच्या आत झाकण काढलं आन् खणाय लागलो. माणसं गोळा झाली. पोपटराव मोटारसायकलवर आला. मला बऱ्याच गोष्टी ऐकू आल्या न्हाईत, पर ह्यो वरडून बोलला म्हणून आली. "म्हाळू, सत्तावीस वर्सं कुणाला काय झालं न्हाई, आता कशाला उकरतोस? यात तुझं बी नाव हाय." मी म्हनलो, तेच उकरतोय. दोन फुटावर पाईप सुटून हातात आला. खालनं सपाट कापल्याला. मी तो धरून बायांच्या म्होरं नेला. म्हनलो, ह्ये तुमच्या शाळंचं अर्थिंग. ते योग्य हाय म्हणून कागदावर सही माझी. बाईला उपास न्हवता, बाईला करंट लागला, आन् अर्थिंग न्हाई ते मला आदी ठावं व्हतं.

कुणी मारलं आसतं तर बरं झालं आसतं. नकुशीबाई खिचडीच्या पातेल्यापाशी उभी व्हती, हात फडक्यात गुंडाळल्याला. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आन् पातेलं उतरवाय गेली.

मी खड्डा तसाच सोडला न्हाई. वस्तीतली तिघं जण आली, आठ फूट गेलो आज दुपारपतोर. पाईप, कोळसा, मीठ, समदं माझ्या म्होरं भरलं. बल्ब लावून बघितला, लख पेटला. शाळंला आन् ट्रस्टला मी लिहून दिलंय, सहीसकट. पेन्शन काढली तर काढू द्यात.

तू तुझ्या सहीचं काय करायचं ते मी सांगणार न्हाई. मला त्यो हक्क न्हाई.

म्हाळू


निंबवाडी,
११ फेब्रुवारी

मामा,

पहिलं खरं ते लिहिते. तुमचं पत्र वाचून मला तुमची किळस आली. मी ते आईला दाखवलं नाही, उशीखाली ठेवलं आणि दोन दिवस तुमच्यावर चिडून फिरत होते. पोपटरावांची किळस करणं सोपं होतं. तुमच्या बाबतीत ते जमेना, कारण पेटीच्या झाकणावर तुमचीच रीत चिकटवलेली आहे आणि ती बरोबर आहे. अजून मनातून गेलेलं नाही. आज जाईल असंही नाही.

पण तिसऱ्या दिवशी मी दुसरा जबाब लिहिला. पहिल्या कागदावर भीतीपोटी सही केली, बाईला विजेचा धक्का लागला, तारा कुणी आणि कशासाठी जोडल्या, सगळं. खाली मॅडमनीही सही केली. ट्रस्टनं मला नोटीस दिलीय, मार्चनंतर बघू म्हणतात. गाडीला दुसरा जनरेटर बसवला, कारण शिबिरं रद्द केली तर त्यांचेच फोटो रद्द होतात. पोपटराव शाळेकडे फिरकत नाहीत. समितीतून उतरवलं वगैरे काही नाही, नुसते फिरकत नाहीत.

दुसऱ्या जबाबाची एक प्रत मी नकुशीबाईला नेऊन वाचून दाखवली. यावेळी दार उघडं होतं. तिनं सगळं ऐकलं, परत पहिल्यापासून वाचायला लावलं आणि उपासाच्या ओळीवर म्हणाली, "ही वळ बरी लिवलीस."

आज आम्ही शाळेपाशी गाडी लावली. हार नाही, माईक नाही. सतरा बायका आल्या होत्या, लांब उभ्या. मी आतलं सगळं बंद केलं, जनरेटर गार होऊ दिला, मारला, दांडी मधे आणली. गाडीत अंधार झाला आणि बाहेरच्या बायका दोन पावलं मागं सरकल्या. मी दारात उभी राहून सांगत गेले, आता केबल लावते, आता बल्ब बघते, आता व्होल्ट बघते. बल्ब त्यांना दिसेल असा धरला. मग दांडी टाकली, दिवे आले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मी चपला काढून ओल्या मातीत उतरले, दोन्ही हातांनी लोखंडी दांडा धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग नकुशीबाई आली. चपला घालून चढली.

गाठ आता आवळ्याएवढी राहिलेली नाही. मॅडम म्हणाल्या, आज संध्याकाळीच पुण्याला न्यायला हवं, वेळ काढता येणार नाही. किती उशीर झालाय ते तिथं गेल्यावरच कळेल. नकुशीबाईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "करुणाला फोन लाव." करुणा तिची लेक, भोसरीला कंपनीत आहे, दोघींचं फारसं बोलणं नसतं हे मला वस्तीत कळलं होतं. मला वाटलं गाठीचं सांगेल. फोन मीच धरला होता, म्हणून जे ऐकलं ते तसंच लिहिते. हे तुम्हाला कळायला हवं असं मला वाटतं.

ती म्हणाली, "करुणे, ऐक. तू तिसरीत व्हतीस तवा पावसाळ्यात म्हणायचीस, शाळंच्या नळाला हात लावला की मुंग्या चावत्यात. गुरुजी म्हनले, पाणी भरायचं टाळती, खोटारडी हाय. आन् मी तुला समद्या वर्गाम्होरं चिचंच्या फोकानं मारलं. नळाला करंट व्हता गं. परवा खणून बघितलं, खाली कायबी न्हवतं. तू खरं बोलत व्हतीस."

पलीकडून कंपनीतल्या मशीनचा आवाज येत होता.

मग करुणा म्हणाली, "आई, तू कुठं हायस आत्ता?"

"दवाखान्याच्या गाडीत हाय," नकुशीबाई म्हणाली. "मला गाठ हाय. तू ये."

गौतमी